नववी रेघ

सपाटरावांना कारखान्यात कुणी खऱ्या नावाने हाक मारली, तर ते मागे वळून बघत, दुसरं कुणी आलंय का म्हणून. एकतीस वर्षं एकच काम केलं की माणसाचं नाव त्या कामाला चिकटतं, आणि सपाटरावांचं काम होतं गोष्टी सपाट करणं. ते बोर्डाची आखणी करायचे. भिंतीवरच्या बटणांचा बोर्ड नव्हे, यंत्राच्या पोटात असतो तो: हिरवी पाटी, तिच्यावर तांब्याच्या बारीक पट्ट्या आणि पट्ट्यांच्या टोकांना मोहरीएवढे भाग. कोणता भाग कोणाला जोडायचा हे गिऱ्हाईक सांगायचं. पट्टी कुठून न्यायची हे सपाटराव ठरवायचे.

ऐकायला सोपं वाटतं. पण मेख अशी की या कारखान्यातल्या रसायनाच्या टाक्यांमधून तांबं पाटीच्या एकाच बाजूला उठायचं, आणि एका बाजूवर दोन पट्ट्या एकमेकींना ओलांडू शकत नाहीत. भिडल्या की बोर्ड मेला. जिथे इलाजच चालत नाही तिथे एक पट्टी मध्येच तोडायची, पाटीवरून तारेचा तुकडा टाकायचा आणि पलीकडे उतरवायचा. त्याला जंपर म्हणतात. जंपर हाताने बसवावा लागतो, त्याला वेळ लागतो, आणि यंत्र हादरत असेल तर तो कधीतरी तुटतो. म्हणून जंपर जितके कमी, तितका आखणारा शहाणा.

सपाटराव भलतेच शहाणे होते आणि त्यांना ते ठाऊक होतं. नवं काम आलं की दोन-तीन दिवस ते पेन्सिलीला हातही लावत नसत. नुसते बघत बसत. मग कागदाच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक आकडा लिहीत: या जाळ्याला कमीत कमी किती जंपर लागतील. म्हणजे हे जाळं सपाट होण्यापासून किती लांब आहे. सात, चार, दोन. आकडा लिहिला की तो गाठेपर्यंत घरी गेले तरी डोकं कारखान्यातच. त्या आकड्याच्या वर त्यांना चालत नसे आणि त्याच्या खाली आजवर कुणी गेलं नव्हतं. जावईबापूंनी, म्हणजे मालकांच्या जावयांनी, मोठ्या थाटात आखणीचा संगणक आणला, तेव्हा सातच्या बोर्डाला त्याने नऊ जंपर काढून दाखवले. सपाटराव आठवडाभर शीळ घालत हिंडत होते.

त्यांच्या कागदांचे नियमही त्यांनीच घातले होते आणि सगळा कारखाना ते मुकाट पाळायचा. सलग रेघ म्हणजे तांबं. तांबडी रेघ म्हणजे जंपर. पेन्सिलीची तुटक रेघ म्हणजे काहीच नाही, ती नुसती समजण्यापुरती; फिल्म, म्हणजे पाटीवर तांबं उठवायचा छाप, काढताना सोडून द्यायची. कोपऱ्यात आकडा आणि आकड्याखाली सही आली की कागद पक्का, मग मालकांनीही त्यात बोट घालायचं नाही.

घरी सपाटराव आणि त्यांची ताई, दोघंच. आई लवकर गेली तेव्हा ताई सोळा वर्षांची होती आणि सपाटराव पाच. ताईने शिवणकाम करून त्यांना वाढवलं. कापडावर कागदी नमुने असे मांडायची की खाली पडणारी चिंधी बाहुलीलाही पुरू नये. ते बघतच सपाटराव मोठे झाले. आता ताईची छाती कापसाच्या तंतूंनी म्हणा, वयाने म्हणा, पार भरून गेली होती. दोन जिने चढली की ती कठड्याला धरून उभी राहायची आणि हाताने खूण करायची, तू हो पुढे. सपाटराव पुढे व्हायचे नाहीत. तेही कठड्याला धरून उभे राहायचे, जणू त्यांनाच दम लागलाय.

अशात ते काम आलं. घरी वापरायच्या प्राणवायूच्या यंत्रासाठी धोक्याचा इशारा देणारा, स्वतःच्या छोट्या बॅटरीवर चालणारा बोर्ड, नग चारशे. कारखान्यात चौदा माणसं आणि हातात दुसरं मोठं काम नाही; मालक त्या कागदांना हात लावण्याआधी हात पुसत होते. संगणकाने पहिल्या झटक्यात अकरा जंपर काढले. सपाटराव तीन दिवस बघत बसले आणि कोपऱ्यात लिहिलं: १. पुढचे तीन आठवडे त्यांनी जिवाचं रान केलं. अकराचे सहा झाले, सहाचे तीन, आणि एका दुपारी जेवणाच्या डब्याचं झाकण हातात असतानाच त्यांना दिसलं की उरलेल्यातले दोन बोर्डाच्या कडेकडेने वळवता येतात. एक राहिला. तांबड्या पेन्सिलीची एक रेघ.

ते कागद घेऊन मालकांच्या खोलीत गेले, तर तिथे जावईबापू दुसराच कागद घेऊन बसलेले. गिऱ्हाईक कंपनीची नवी अट: मागच्या कुठल्यातरी बोर्डातला जंपर हादऱ्याने तुटला होता, यापुढे बोर्डावर एकही सुटी तार चालणार नाही.

"एक म्हणजे जवळजवळ शून्यच की हो," मालक म्हणाले.

"तसं नसतं, मालक."

"तुम्ही अकराचा एक केलात. एकाचा शून्य करणं तुम्हाला काय जड आहे?"

सपाटरावांनी टेबलावरच्या सहा चकत्या, म्हणजे चहाच्या कपांखालच्या, ओढून घेतल्या आणि गोल मांडल्या. "हे बघा. संकटं तीन. वीज गेली, हवा कमी पडली, नळी दुमडली. हाका तीन. लाल दिवा, शिट्टी आणि बाहेरची घंटा. कोणतंही संकट आलं तरी तिन्ही हाका गेल्या पाहिजेत. तीन त्रिक नऊ रेघा. आता एक संकट, एक हाक, एक संकट, एक हाक, असं गोल बसवलं. कडेकडेने सहा रेघा झाल्या. उरल्या तीन, प्रत्येकाची आपल्या समोरच्याशी. एक गोलाच्या आतून नेली. दुसरी बाहेरून नेली. तिसरी?"

"तिसरी जरा वळसा घालून," मालक म्हणाले.

"आतून नेली तर आतलीला आडवी येते. बाहेरून नेली तर बाहेरचीला. वळसा गावभर घाला, आडवी येतेच."

"भागांच्या खालून काढा ना, काका," जावईबापू म्हणाले.

"पूर्वी काढायचो. आता भाग असे पाटीला चिकटून बसतात की खालून मुंगी जायची नाही. दोन्ही बाजूंना तांबं असलेली पाटी घ्या, चुटकीसरशी होईल."

दोन्ही बाजूंचं तांबं म्हणजे नवीन टाक्या, आणि नवीन टाक्या म्हणजे हे काम दुसऱ्या कारखान्यात जाणार, हे खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं. मालकांनी चकत्या गोळा करून पुन्हा एकावर एक रचल्या. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "सपाटराव, तुमच्या त्या गणितात थोडं इकडेतिकडे होत नाही का?"

सपाटरावांना राग आला असता तर बरं झालं असतं. त्यांना मालकांची कीव आली. हा माणूस आपल्याकडे असं बघतोय की आपण डॉक्टर आहोत आणि मुद्दाम औषध देत नाही. मग त्यांनी ठरवलं, याला डोळ्यांनी दाखवायचं.

त्यांनी कोरा कागद घेतला आणि सगळा बोर्ड नव्याने काढला. चिठोऱ्यावर खरडून भागलं असतं, पण गबाळं काढणं त्यांच्या हाताला माहीतच नव्हतं. आठ रेघा सलग काढल्या, एकही दुसरीला शिवत नव्हती. नववी तुटक. कोणतीही एक सोडली तरी चाललं असतं, बाकीच्या आठ सपाट बसल्याच असत्या. पण वीज आणि शिट्टी कागदाच्या कडेला आली होती, तिथून तुटक रेघेचा वळसा देखणा दिसत होता, म्हणून त्यांनी ती सोडली. यापेक्षा मोठं कारण नव्हतं. एक सोडली तर शून्य, धरली तर एक, हे मालकांना नीट कळावं म्हणून कोपऱ्यात त्यांनी ० लिहिलं. आणि एकतीस वर्षांच्या सवयीने, आकडा लिहिला की हात जसा खाली जायचा तसा गेला, आणि त्यांनी सही केली.

मालक खोलीत नव्हते; कागद त्यांच्या टेबलावर ठेवून सपाटराव वळतात तोच शेजारणीचा फोन आला. ताई जिन्यात बसली होती आणि तिला उठता येत नव्हतं.

पुढचे बारा दिवस दवाखान्यात गेले. त्या दिवसांबद्दल सपाटरावांना नंतर फारसं आठवायचं नाही. खाटेच्या लोखंडी कठड्याचा गार स्पर्श आणि ताईच्या नखांचा रंग, एवढंच. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, आता घरी यंत्र लागेल, दिवसरात्र. सोबत अडीअडचणीला एक सिलिंडर.

तेराव्या दिवशी ते कारखान्यात गेले तर सगळे खुशीत. चारशे बोर्ड रवाना झाले होते. मालकांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. जावईबापूंनीसुद्धा आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या हाताने चहा आणून दिला. "मानलं, काका," म्हणाले.

"म्हणजे झालं का काहीतरी?"

"झालं की. मार्गी लागलं."

सपाटरावांना वाटलं, बाहेरून कुठूनतरी दोन बाजूंच्या पाट्या करून घेतल्या असणार. नक्की कशा, हे त्यांनी विचारलं नाही. थोडे थकले होते, थोडं बरं वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं लागलंही होतं, की आपण बारा दिवस नव्हतो तरी कुणाचं काही अडलं नाही. विचारायला चार शब्द पुरले असते. ते चार शब्द पुढे त्यांच्या घशात कायमचे अडकून बसले.

दोन महिने ताईने सिलिंडरांवरच काढले, मग दवाखान्याने दिलेलं नवीन यंत्र घरी आलं, ताईच्या पलंगाशी उभं राहिलं आणि दिवसरात्र गुरगुरू लागलं. ताईने त्याला भाडेकरू म्हणायला सुरुवात केली. "भाडेकरू आज जरा घोरतोय," असं म्हणायची. नळी नाकाशी लावून ती पुन्हा बटणं-हुकं लावण्यापुरती शिवायलाही बसू लागली होती.

एका सुट्टीच्या दुपारी सपाटराव स्वयंपाकघरात भांडी घासत होते. नळाचा आवाज बंद केला तेव्हा घर फार शांत वाटलं. हात पुसता पुसता त्यांच्या लक्षात आलं की भाडेकरू गुरगुरत नाहीये. ते खोलीत गेले. यंत्रावरचा लाल दिवा लख्ख पेटला होता. ताई भिंतीकडे तोंड करून झोपली होती आणि तिचे ओठ काळपट निळे झाले होते.

"ताई! ताई, अगं!"

सिलिंडरचा नळ फिरवताना त्यांच्या ओल्या हातातून तो दोनदा निसटला. नळी बदलली, तिला बसती केली, पाठ चोळली. किती वेळ गेला कुणास ठाऊक. ताईने डोळे उघडले, त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "केवढ्याने ओरडतोस."

वीज आल्यावर यंत्र पुन्हा गुरगुरू लागलं. सपाटरावांच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: दिवा पेटला होता, मग शिट्टी का वाजली नाही? घंटा दवाखान्यात असते, घरी जोडलेली नसते, ते ठीक. पण शिट्टी? ताईला सिलिंडरवर ठेवून त्यांनी यंत्र बंद केलं, मागचे चार स्क्रू काढले, मोहोर फोडली आणि बोर्ड उजेडात धरला.

एकही जंपर नव्हता. पाटीच्या एकाच बाजूला तांबं होतं. आणि कडेला, जिथून वीज आणि शिट्टी यांच्यातला तो देखणा वळसा जायला हवा होता, तिथे नुसती हिरवी जागा होती. बाकी प्रत्येक वळण त्यांचं स्वतःचं होतं. आपलं अक्षर ओळखावं तसं त्यांनी ते ओळखलं.

"काय रे, काय झालं?" ताईने विचारलं.

"काही नाही. हे मी काढलंय."

"छान आहे की," ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात त्यांनी आवाज चढवला नाही. चढवायला आवाजच शिल्लक नव्हता. जावईबापूंनी कपाटातून कागद काढून समोर ठेवला. आठ सलग, एक तुटक. कोपऱ्यात शून्य. खाली सही.

"तुमचाच नियम, काका. तुटक रेघ सोडायची, आकडा आणि सही असली की विचारायचं नाही. फिल्मवाल्याने विचारलं नाही. मी विचारलं नाही."

"तुम्हाला कळलं नव्हतं? त्या दिवशी मी चकत्या मांडून सांगितलं तेव्हा तुम्ही समोर होतात."

जावईबापूंनी कागद उलटा करून ठेवला. त्यांना कळलं होतं की नव्हतं, हे कदाचित त्यांनाही सांगता आलं नसतं. मालक मात्र मटकन खुर्चीत बसले. "चाचणी केली होती," म्हणाले. "सगळे चारशे तपासले. वीज काढली, दिवा लागला, ठीक. हवा कमी केली, दिवा लागला, ठीक. शिट्टीचं वेगळं बटण दाबलं, वाजली. सगळ्यांवर शिक्का आहे."

"मालक, बोर्ड परत मागवा."

"मागवले तर हे चौदा लोक..." मालकांनी वाक्य तिथेच सोडलं. मग ते सपाटरावांकडे बघू लागले, त्या दिवसासारखेच, औषध मागितल्यासारखे. सपाटरावांना तेव्हा त्यांची कीव आली होती. आज समजलं की तो चेहरा कसा होतो.

बाहेर बांधाबांधीच्या बाकावर जंपरमावशी बसल्या होत्या. वीस वर्षं त्यांनी सपाटरावांच्या तांबड्या रेघांवर तारा बसवल्या होत्या. नव्या अटीपासून त्यांना पुठ्ठ्याची खोकी भरायला बसवलं होतं. "चारशे बोर्ड माझ्या हातांखालून गेले," त्या म्हणाल्या. "एकातही तार घालायची नव्हती. मी घरी जाऊन सांगितलं, सपाटरावांनी शेवटी शून्य काढलं. मला एवढा आनंद झाला होता हो. माझं काम गेलं तरी आनंद झाला होता." त्यांनी खणातून तारेचं लहानसं रीळ काढलं आणि त्यांच्या हातावर ठेवलं. दुसरं काय देणार?

सपाटरावांनी कंपनीला पत्र लिहिलं. पत्रात त्यांनी नऊ रेघांची आकृती काढली, सहा बिंदू, आतली, बाहेरची आणि तिसरी, आणि खाली लिहिलं की एका बाजूच्या बोर्डावर एकही जंपर दिसत नसेल तर तो तपासून बघायचीही गरज नाही, एक जोडणी नाहीच असं समजा. दुसरं काही असूच शकत नाही. अठरा दिवसांनी उत्तर आलं. आपलं पत्र मिळालं. सर्व यंत्रं चाचणीत उत्तीर्ण झालेली आहेत. यंत्राची मोहोर तोडल्यास हमी रद्द होईल.

मग ते दवाखान्यात गेले. यंत्रं कुणाकुणाच्या घरी दिलीत, ते तरी सांगा. काउंटरवरची मुलगी बिचारी भली होती. "असं नाव-पत्ता देता येत नाही हो, आजोबा. तुमच्या ताईंचं यंत्र बिघडलंय का? मग बदलून देते."

"बदलून काय देणार?"

"दुसरं. नवीन आहे, त्याच कंपनीचं."

डोक्याला हात लावून सपाटराव घरी आले. ताईच्या यंत्रात त्यांनी स्वतः तार बसवली. जंपरमावशींच्या रिळातला बोटभर तुकडा, दोन टोकांना कथलाचा डाग, हादऱ्याने हलू नये म्हणून मध्ये डिंकाचा ठिपका. मग प्लग ओढला. शिट्टी अशी कर्कश वाजली की ताईने उशी फेकून मारली. "बंद कर मेल्याला! झोपेतून उठून मी स्वतः नळ फिरवीन, पण बंद कर!" सपाटराव यंत्राजवळच्या फरशीवर बसून हसत होते, आणि हसताना त्यांचे डोळे वाहत होते. चारशेतला एक झाला.

दुसरा कुणाकडे आहे, हेही ताईनेच सांगितलं. दवाखान्यातून यंत्र आणलं त्याच दिवशी मागच्या गल्लीतल्या पोस्टमनकाकांनाही मिळालं होतं. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी सगळे त्यांना पोस्टमनच म्हणत. मुलगा-सून दिवसभर कामावर, हे एकटे. सपाटराव पिशवीत कथील वितळवायची डागणी, तार आणि स्क्रू काढायचं हत्यार घेऊन त्यांच्या दारी गेले.

पोस्टमनकाकांनी दार चार बोटं उघडलं, साखळी न काढता. सगळं ऐकून घेतलं. अगदी शेवटपर्यंत. मग म्हणाले, "कंपनीचं पत्र आहे?"

"नाही. त्यांना पटत नाहीये."

"दवाखान्याचं?"

"नाही."

"मग मोहोर फोडायला मी कसा देऊ? चाळीस वर्षं मी दारोदार हिंडलो. सही-शिक्क्याशिवाय कुणाला काही दिलं नाही, कुणाकडून काही घेतलं नाही. तुम्ही भले असाल. पण भल्याचा शिक्का नसतो."

सपाटराव तीनदा गेले. आठ दिवसांनी सुनेची गाठ घेतली, तर ती म्हणाली, बाबांच्या वस्तूला हात लावला तर ते दोन दिवस जेवत नाहीत, तुम्ही पत्र आणा ना. पत्र. एका कागदाने हे सगळं केलं होतं आणि आता दुसऱ्या एका कागदावाचून ते निस्तरत नव्हतं.

त्यानंतर महिनाभराने, भर दुपारी साडेतीनला, सगळ्या वस्तीची वीज गेली. ताईच्या खोलीतून शिट्टी वाजली. सपाटराव आत गेले तोवर ताई उठून बसली होती आणि सिलिंडरचा नळ फिरवत होती. "झालं, झालं, लावलाय," ती म्हणाली. "त्याचं तोंड बंद कर तेवढं."

सपाटरावांनी शिट्टी बंद केली. मग ते तसेच उभे राहिले. पंखे थांबले होते, कुठेतरी चालू असलेला रेडिओ थांबला होता. खिडकी उघडी होती. त्यांनी कान दिला. मागच्या गल्लीकडून काही येत नव्हतं.

"जा," ताई म्हणाली. तिला सगळं कधीच सांगितलं नव्हतं, पण तिने त्यांना वाढवलं होतं. "माझं काय बघतोस? जा की."

ते पिशवी घेऊन धावले. एकसष्टाव्या वर्षी जेवढं धावता येतं तेवढं. जिने चढले, दाराची घंटा दाबली. घंटा विजेवरची, ती कसली वाजतेय. त्यांनी दार ठोठावलं. मग दोन्ही मुठींनी ठोकलं. "काका! पोस्टमनकाका! सिलिंडर लावा! काका!" शेजारचं दार बंद, समोरचं बंद, सगळे कामावर. व्हरांड्यातल्या खिडकीची काच खालून दुधाळ होती. ते कठड्यावर पाय ठेवून वर चढले आणि वरच्या फटीतून आत बघितलं. पलंगाचा पाय दिसला, चादरीचं टोक दिसलं, आणि पलीकडे, अंधाऱ्या कोपऱ्यात, लाल दिवा. छान पेटला होता. त्यांच्या आठ रेघांपैकी एक आपलं काम चोख करत होती.

त्यांनी दाराला खांदा दिला. दार जुनं, जाड होतं. खांदा दुखला, दार हललं नाही. पुन्हा दिला. मग ते खाली बसले आणि तळहाताने दारावर नुसते थापट्या मारत राहिले, लहान मुलं मारतात तशा. दुसरं काहीच सुचत नव्हतं. कोपऱ्यात शून्य लिहिताना पेन्सिलीला किती कमी वेळ लागला होता, एवढंच आठवत होतं.

वीज आली ती एकदम. वरचा दिवा लागला, कुठेतरी रेडिओ अर्ध्या शब्दापासून पुन्हा बोलू लागला, आणि दाराच्या आत यंत्राने गुरगुर सुरू केली. सपाटरावांनी कान दाराला लावला. गुरगुर. नुसती गुरगुर. मग बऱ्याच वेळाने खोकल्याचा आवाज आला. पुन्हा एकदा आला. मग चपला ओढत कुणीतरी दारापाशी आलं.

"कोण आहे?" पोस्टमनकाकांचा आवाज खोल गेला होता.

"मी आहे, काका. पुढच्या गल्लीतला. दार उघडा. तुमची शिट्टी दुरुस्त करायचीय."

आत थोडा वेळ नुसता श्वास ऐकू येत होता, लांब, घासलेला, मोजून घ्यावा तसा.

"पुन्हा तुम्हीच का?" पोस्टमनकाका म्हणाले. "माझ्या शिट्टीला काहीसुद्धा झालेलं नाही हो. आजवर एकदाही वाजलेली नाही."

आणि चपला ओढत ते परत आत गेले.